कादंबरी सांगून परत करायची

साल एकोणीसशे एकोणसत्तर, आणि मी चौसष्ट वर्षांचा. दिवाळी होऊन थंडी पडायला लागली होती. आमच्या गल्लीतला कंडक्टर धुळ्याची एसटी करतो. त्या संध्याकाळी तो ड्यूटीवरून परतला तो आधी स्वतःच्या घरी गेला नाही, माझ्या ओट्याशी थांबला आणि त्यानं टोपी काढून हातात घेतली. तेवढ्यावरच मला समजलं... "आबा, भास्करराव गेले. काल दुपारी. त्यांच्या बहिणीनं स्टँडवर माणूस पाठवला होता, जळगावच्या आबांना सांगा म्हणून." मी बरं म्हणालो. दुसरं काय म्हणणार? माझी नात शकू आत चुलीशी होती. तिनं ऐकलं. तव्यावरची भाकरी उलटायची राहून गेली, आणि ती काळी भाकरी आम्ही दोघांनी खाल्ली.

भास्करराव आमच्या पेठेतल्या वाचनालयाचे ग्रंथपाल. उंच, वाकलेले, कोटाच्या खिशात कायम भाजलेले शेंगदाणे. आता असा माणूस आणि माझ्यासारखा माणूस यांची गाठ पडायचं कारण नव्हतं. मी चौथी पास. कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल म्हणून लागलो आणि मुकादम होऊन बाहेर पडलो. एक हाक मारली की यंत्राचा पट्टा थांबायचा. त्यामुळे मला कुणी शिकवायला आलेलं चालत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण शकू पाचोऱ्याहून माझ्याकडे हायस्कुलाला आली, आणि तिच्यापायी मला वाचनालयाची पायरी चढावी लागली.

पोरीला वाचायचं वेड होतं, आणि खोडी अशी की तिला काही आवडायचं नाही. तेराव्या वर्षीच मुलांचं कपाट तिनं संपवलं. राजपुत्र झाले, चतुर ससे झाले, चोर पकडणारी पोरं झाली. मग ती पुस्तक आणायची, पाच-दहा पानं वाचायची आणि मिटून टाकायची. शाळेतल्या बाईंनी एक मोठ्या माणसांची कादंबरी दिली, ती पण तिनं मिटली. मी विचारलं, काय झालं? तर आमच्या अहिराणीत म्हणाली, "आबा, यामा बठ्ठं रडनंच शे. ती बाई खिडकीमा बशीसन रडस, आन् तो गावले निंघी जास. तिले कामधाम काही शे का नही?" सगळं रडणंच म्हणे! मला हसू आलं, पण काळजीही वाटली. आमच्या सात पिढ्यांत वाचणारं माणूस झालं नव्हतं. एक झालं, आणि तेही हळूहळू पुस्तकांपासून उठून चाललं होतं. वहीपाटी सोडून नुसती बसून राहायची. चांगलं खाणाऱ्या जनावरानं वैरणीवरून तोंड फिरवलं की धनी जसा गोठ्यात फेऱ्या मारतो, तसं माझं झालं.

मग एके दिवशी तिला घेऊन मी वाचनालयात गेलो. म्हटलं, हिला मोठ्यांच्या कपाटातलं द्या. भास्करराव म्हणाले, "अठरा पूर्ण लागतात. नियम आहे." मी म्हटलं, "मुलांचं कपाट संपलं हिचं." ते म्हणाले, "कपाट संपत नसतं." शकू तिथेच तोंड उघडून बोलली, "संपलं. आणि जे उरलंय ते एकच पुस्तक आहे, नावं वेगवेगळी." माझ्या मनात आलं, आता हा माणूस पोरीला झापणार. पण त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि तिला नीट बघून घेतलं. मग मला म्हणाले, "तुमच्या नावावर देतो. पण माझी एक अट. पुस्तक परत आणाल तेव्हा त्यात काय घडलं ते तुम्ही मला सांगायचं. तिनं नाही, तुम्ही. कादंबरी सांगून परत करायची."

मला अपमान वाटला. हा माझी परीक्षा घेणार? मी म्हटलं, "सांगीन." आणि पुस्तक काखेत मारून निघालो. आता मला अक्षर लावता येतं, पण पाटीवरची, दुकानावरची. कादंबरी वाचायला मला वर्ष लागलं असतं. म्हणून असं ठरलं की संध्याकाळी दिवेलागणीआधी शकूनं ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचं आणि मी ऐकायचं.

ती पहिली कादंबरी एका शेतकऱ्याच्या घरातली होती. दोन भाऊ, त्यांच्या बायका, वाटणी. मी मध्ये मध्ये बोलायचो, की हा थोरला मूर्ख आहे, विहीर धाकट्याला देऊन कोरडं रान कोण घेतं? शकू चिडायची. "आबा, तुम्ही त्याचे मुकादम नाही, ऐका ना!" पुस्तक संपलं, आणि रविवारी मी ताठ मानेनं वाचनालयात जाऊन सगळं सांगितलं. विहिरीबद्दल माझं मतही सांगितलं. भास्करराव शेंगदाणे खात ऐकत होते. शेवटी म्हणाले, "छान. आणि ते मूल कोणाचं?"

"कुठलं मूल?"

"धाकटीचं."

मी म्हटलं, मूलबीळ काही नाही त्या पुस्तकात, तुम्ही दुसऱ्याच पुस्तकाचं बोलताय. तिथे चार माणसं वर्तमानपत्र वाचत बसलेली, त्यांच्यासमोर मी ठासून सांगितलं. भास्करराव नुसते "असेल, असेल" म्हणाले. घरी येऊन मी शकूला विचारलं, मूल कोणाचं? पोरगी कानापर्यंत लाल झाली. तेव्हा उलगडलं. जिथे जिथे तसलं काही आलं, तिथे तिनं पानं उलटून पुढचं वाचलं होतं. आजोबांसमोर कसं वाचायचं? म्हणून मला मिळाली ती कादंबरी भोकं पडलेली होती, आणि तीच मी शहाण्यासारखी सांगून आलो होतो.

तडक परत गेलो. वाचनालय बंद करायची वेळ होती. म्हटलं, "भास्करराव, असलं पुस्तक तुम्ही पोरीच्या हातात दिलं?" ते कुलूप हातात घेऊन उभे. "तुमच्या हातात दिलं. नाव तुमचं आहे." मी म्हटलं, "शब्दाचा खेळ नको." तेव्हा त्यांनी सरळ विचारलं, "आबा, तुम्ही इतकी वर्षं जिनिंगमध्ये बायामाणसं कामाला ठेवलीत. त्या पुस्तकातल्या धाकटीवर आलं तसं कुणावर आलेलं पाहिलं नाहीत?" पाहिलं होतं. एकीला तर मीच तिच्या माहेरी पोचवून आलो होतो. "मग पुस्तकात खोटं होतं का?" म्हटलं, खोटं नव्हतं. "शकूनं ते वाचलं आणि तुमच्यापासून लपवलं. तुम्ही आज विचारलंत, तेव्हा आता लपलेलं नाही. माझं काम झालं," असं म्हणून त्यांनी कुलूप लावलं.

मी त्यांच्याबरोबर चालत निघालो, भांडण अर्धवट राहिलं होतं म्हणून. नव्या बसस्टँडच्या रस्त्यानं जाताना ते आपणहून म्हणाले, "माझ्या घरात वाचणारी होती. मी रोज संध्याकाळी तिच्यासाठी पुस्तक न्यायचो आणि सकाळी परत आणायचो. तेवीस वर्षं संसार झाला. तिला मी एकदाही विचारलं नाही, की काय वाचलंस गं..." मी भांडण तिथेच सोडलं.

शकूशी मग माझा तह झाला. तसलं पान आलं की तिनं म्हणायचं, "आबा, पाणी पिऊन या." मी उठायचो, आत जायचो, माठातलं पाणी प्यायचो, ती ते पान मनात वाचून घ्यायची आणि मला हाक मारायची. काय झालं ते मी चेहऱ्यावरून ओळखायचो. भास्कररावांना हे सांगितलं तर त्यांना शेंगदाण्याचा ठसका लागला. पुढे मी पुस्तक परत द्यायला गेलो की ते कधी कधी आधी तेवढंच विचारायचे, "या खेपेला पाणी किती प्यालात?" आणि त्या उत्तरावरून पुढचं पुस्तक काढायचे. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते शकूनं मिटलेलं पुस्तक कधी वाया जाऊ द्यायचे नाहीत. का मिटलं, कुठल्या पानावर मिटलं, ते मला खोदून विचारायचे. मी सांगायचो, यातली माणसं कधी जेवत नाहीत म्हणते. यातला मास्तर फार बोलतो म्हणते. ते मान हलवायचे, शिडी लावायचे आणि वरच्या फळीवरून धूळ झटकत असं काहीतरी काढायचे की पोरगी संध्याकाळची भाजी करपवायची. चार वर्षं असंच चाललं. मधे माझा मुलगा पाचोऱ्याहून आला, म्हणाला, "आबा, कादंबऱ्या वाचून पोर बिघडेल, तिला घेऊन जातो." मी म्हटलं, "मी पण तेवढ्याच ऐकल्यात. मी बिघडलोय का ते सांग, मग ने." तो एकटाच परत गेला. शकू मॅट्रिक झाली, कॉलेजात गेली.

गेल्या वर्षी भास्करराव निवृत्त झाले आणि धुळ्याला बहिणीकडे राहायला गेले. वाचनालयात नवा पोरगा आला, शिक्का मारतो आणि मान वर करत नाही. मी अट काही सोडली नाही. महिन्याचा पहिला रविवार आला की धुळ्याची गाडी धरायची, त्यांच्या खोलीत खाटेच्या कडेला बसून कादंबरी सांगायची, पुढच्या पुस्तकाचं नाव तोंडपाठ करून परतायचं. यंदा दिवाळीआधी गेलो तेव्हा ते पडूनच होते. दमा वाढला होता. त्या वेळी आमची एका बाईची कादंबरी चालू होती. नवरा वारलेला, तेलाची गिरणी तिनं स्वतः चालवायला घेतलेली, आणि दीर म्हणतो विकून टाक. शकूला ती इतकी आवडली होती की ती मुद्दाम सावकाश वाचत होती, संपू नये म्हणून. त्यामुळे माझ्याकडे अर्धीच होती. अर्धी सांगितली. भास्कररावांनी डोळे मिटून ऐकलं. "दिराला ती काय म्हणाली?" मी म्हटलं, तिथवर आलो नाही अजून. "शकूला काय वाटतं, विकेल?" म्हटलं, ती म्हणते विकणार नाही. "आणि तुम्हाला?" मी म्हटलं, मी असतो तर विकली नसती, पण बाईमाणसाचं सांगता येत नाही. त्यावर ते हसले, खोकले, आणि बहिणीला म्हणाले, "सिंधू, आबांना चहा दे. यांना अजून बऱ्याच कादंबऱ्या सांगायच्या आहेत."

ती आमची शेवटची भेट.

कंडक्टरनं सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी धुळ्याला गेलो. सगळं आटोपलं होतं. खोलीत खाट उभी करून ठेवलेली, फरशी धुतलेली. इतक्या पुस्तकांचा माणूस, पण खोलीत एक पुस्तक नव्हतं. सिंधूताई म्हणाल्या, "दादा म्हणायचा, पुस्तक घरात अडकवून ठेवू नये, दुसऱ्याची पाळी असते." मग पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "शेवटचे दोन दिवस तुमच्या गिरणीवालीचं विचारत होता हो. मला काय माहीत, मला वाटलं कोणी नात्यातली आहे..."

संध्याकाळी घरी आलो. शकूनं ती कादंबरी भिंतीतल्या दिवळीत वर ठेवून दिली होती, पाठमोरी. मी ओट्यावर नेहमीच्या जागी बसलो आणि म्हटलं, आण. ती दारातच उभी राहिली. "माले नही वाचनं आते." आता पुढं वाचायचंच नाही म्हणे. का? "वाचीसन कोणले सांगशात तुम्ही?" मी तिला रागावलो नाही. पण तिचा तो चेहरा मी ओळखला. तेराव्या वर्षी पुस्तकं मिटताना असायचा, तोच. एकदा परत तसं सुरू झालं तर आता शिडी लावून वरचं काढून देणारा कोणी नव्हता, आणि पोरगी अठराची व्हायला टेकलेली, पाचोऱ्याहून स्थळांच्या गोष्टी यायला लागलेल्या. या वयात मिटलेलं पुस्तक परत उघडत नाही, एवढं मला चौथी पासालाही कळतं.

सकाळी मी आंघोळ करून धुतलेला सदरा घातला, दिवळीतली कादंबरी घेतली आणि वाचनालय उघडायच्या आधी जाऊन पायरीवर बसलो. नवा पोरगा आला. पुस्तक उघडून म्हणाला, "काका, मुदत टळलीय. जमा करू का?" मी म्हटलं, "जमा नाही, वाढवून दे. आणि आधी ऐक." तो म्हणाला, "काय ऐकू?" म्हटलं, "बस." मुकादमी आवाज अजून गेलेला नाही. तो बसला. मी त्याला गिरणीवाली सांगायला घेतली. पहिल्यांदा तो घड्याळाकडे बघत होता. मग एक बाई पुस्तक बदलायला आली, तिला त्यानं हातानंच थांबायची खूण केली. दीर चार माणसं घेऊन गिरणीच्या दारात येतो, तिथपर्यंत मी आलो आणि उठलो.

"अहो काका, मग? विकली का तिनं?"

"मला काय ठाऊक! रविवारी सांगीन."

घरी आलो तेव्हा शकू कॉलेजला निघायच्या घाईत वेणी घालत होती. मी पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं. "संध्याकायले वाचाले बस. तो वाचनालयातला पोऱ्या वाट देखी राह्यना." तिनं दोनदा विचारलं, खरंच? मी म्हटलं, तुझा आजा खोटं बोलतो का कधी? तिनं वेणी अर्धवट सोडली, खुणेचं पान काढलं आणि संध्याकाळची वाट न बघता तिथेच, उभ्या उभ्या, मोठ्यानं वाचायला लागली.