आधी चष्मा, मग बंदूक

तिगावजवळच्या बंद पडलेल्या वीटभट्टीवर त्या रविवारी आम्ही सहा जण खेळायला जमलो. बंदुका पाच होत्या आणि डोळे झाकणारा धड चष्मा एकच, माझा. अजून आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

खेळाचं नाव एअरसॉफ्ट. प्लास्टिकचे छर्रे मारणाऱ्या बंदुका, दोन गट, छर्रा लागला की आपणच हात वर करून बाहेर बसायचं. पांढुर्ण्यातल्या आमच्या ऑफिसातल्या मंडळींनी तो मोबाइलवर पाहिला आणि सगळ्यांना चेव आला. मलाही आला, खोटं कशाला बोलू! चाळिशीची बाई बंदूक घेऊन धावणार म्हणून नाकं मुरडणाऱ्यांना मी भीक घातली नाही.

पण सामान घेताना यांची अक्कल पाहा. एकानं दुर्बीण लावलेली लांबलचक बंदूक घेतली, जिचं वजन त्याच्याच्यानं उचलेना. दुसऱ्यानं जंगली हिरवे कपडे मागवले. अरे बाप्पा, संत्र्याच्या बगिच्यात लपायचं असतं तर ठीक होतं. भट्टीच्या लाल मातीत हा माणूस सडकेवरून दिसत होता! मी बंदूक घेतलीच नाही, कोणाची तरी मागून खेळणार होते. मी घेतला चष्मा. कडेनं रबर, मागं पट्टा, बाजूनं काडीही आत जाणार नाही असा. सोबत तोंडाला जाळीचा मुखवटा आणि घोटे झाकणारे बूट.

"काय मॅडम, वेल्डिंग कराले आल्या का?" आमच्या ऑफिसातले हेडक्लार्क, म्हणजे बडे बाबू म्हणाले, आणि सगळे खो खो हसले. त्यांच्या स्वतःच्या नाकावर उन्हाचा काळा चष्मा होता. "हा काय चष्मा नोहे?" म्हणे.

ते हसणं माझ्या डोक्यात गेलं, कारण डोळा जाणं म्हणजे काय ते मी घरात पाहिलं आहे. माझे बाबा बोरगावकडे दुसऱ्यांच्या वावरात मजुरी करायचे. मी सातवीत असताना, कापूस निघाल्यावर कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या उपटताना एक काडी सटकन त्यांच्या डाव्या डोळ्यात गेली. मालक म्हणाला, "पाणी मार, होते बरा." बाबांनी पाणी मारलं आणि संध्याकाळपर्यंत उरलेल्या ओळी उपटल्या. दवाखान्यात नेलं तोवर डोळा पांढरा पडला होता. बरा होते म्हणे! तो मालक पुढं कधी विचारायलासुद्धा आला नाही.

"काढा तो चष्मा," मी बडे बाबूंना म्हटलं.

"काऊन?"

"काढा म्हणते ना!"

तो मी विटांच्या ढिगावर ठेवला. त्यांचीच बंदूक घेतली, दहा पावलं मोजली आणि छर्रा मारला. काळी काच तडकली आणि एक तुकडा आत पडला. आत म्हणजे जिथं डोळा असतो तिथं. मग त्याच जागी माझा चष्मा ठेवला आणि तीन छर्रे मारले. बारीक डाग पडले, बाकी काही नाही.

"आता हसा ना! गप काऊन झाले?"

त्या दिवशी मी कोणाला खेळू दिलं नाही. एक जण पुटपुटला, "मॅडम लय नियम लावून राहिल्या." हो, लावून राहिले! डोळा काही बाजारात बदलून भेटत नाही. दोन रविवारांनी सगळे घट्ट चष्मे घेऊन आले, बडे बाबू सगळ्यात आधी. तेव्हा कुठं आमचा पहिला खेळ झाला, आणि मी पहिल्याच फेरीत बाद झाले, ते सोडा.

संध्याकाळी सौसरला घरी आले. चष्मा धुऊन अंगणातल्या दोरीवर अडकवला. बाबांनी तो काढून डोळ्यांवर चढवला. एका डोळ्यानं इकडं तिकडं पाहिलं. मग कडेच्या रबरावरून बोट फिरवत राहिले, खालून, वरून, बाजूनं.

"घट्ट आहे. काडी नाही जाणार."

"नाही जात जी."

"हे आमच्या वेळेस भेटत होते का वं?"

भेटत होते. असेच नाही, पण डोळा वाचवणारे होते. सौसरच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानाबाहेर टांगलेले असायचे. शाळेत जाता-येता मी रोज पाहायची. मालकही त्याच दुकानातून खिळे न्यायचा.

"नाही जी बाबा," मी म्हटलं. "हे आता आता निघाले."

"मंग ठीक आहे," बाबा म्हणाले, आणि चष्मा खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसून माझ्या हातात दिला.