डोकं दिसतंय तोवर खड्डा नव्हे

वसराम राठोडचं सगळं काम जमिनीखाली आहे. कळमनुरी तालुक्यात विजेचे जे खांब उभे आहेत, त्यांतल्या पुष्कळांचे खड्डे त्याने खंदले. शाळा, दाळमिल, ट्रान्सफॉर्मरच्या डीपी, दवाखाने यांच्या अर्थिंगचे खड्डेही त्याचेच. खांब दिसतो, खड्डा दिसत नाही. म्हणून वसरामबद्दल कोणी बोलत नाही. मी त्याच्या जोडीला फावडं ओढलं आहे, म्हणून मी लिहितो.

अर्थिंगमध्ये शहाणपण फारसं नाही. यंत्राच्या अंगावर वीज उतरली तर तिने माणसातून न जाता जमिनीत जावं, म्हणून तिला वाट करून द्यायची. ओल लागेपर्यंत खोल खंदायचं, लोखंडी पाइप उभा करायचा, भोवती कोळसा आणि मीठ भरायचं, वरून पाणी घालायचं. एवढंच. पण खंदावं लागतं, आणि घोडं तिथंच अडतं.

वसरामचे दोन नियम होते. पहिला असा, की तो स्वतः खड्ड्यात ताठ उभा राहायचा. वरून त्याचं डोकं दिसलं तर तो म्हणायचा, "डोकं दिसून राहिलं ना? मग हा खड्डा न्हाई, हे आळं हाय." तो उंचीने बेताचा, म्हणून लोक म्हणायचे, वसराम लांबडा असता तर मालकांचं दिवाळं निघालं असतं.

दुसरा नियम लोकांना जास्त जड जायचा. पाइप टाकायच्या आधी तो मालकाला खड्ड्यात उतरवायचा. नोकराला नाही, मुनीमाला नाही, ज्याचं घर त्यालाच. तळाला तळहात टेकवून ओल लागली का ते मालकाने सांगायचं, मगच कोळसा पडायचा. दाळमिलवाले जलालुद्दीनशेठ वजनाने भारी. शिडी करकरली, पण पांढऱ्या पायजम्यात ते उतरले. वर आले तेव्हा गुडघे मातीने माखलेले. म्हणाले, "वसराम, तुमने तो जीतेजी कबर दिखा दी रे! अब चाय तुम पिलाव." वसरामने चहा पाजला. त्या मिलमध्ये आजवर कोणाला झटका बसलेला नाही.

आता विश्वंभररावांची गोष्ट. हळदीचा मोठा व्यापार, रस्त्याला लागून नवं घर, घरापुढे पोर्च आणि पोर्चमध्ये पांढरी फरशी. त्या फरशीवर हळदीच्या पायांनी चढायची बंदी होती. ज्या हळदीने फरशी आली, तिचाच पाय चालत नव्हता. त्यांनी पुण्याहून गाडी आणली. पेट्रोलवरही चालते आणि घरी वीज भरली की विजेवरही. पण साध्या प्लगवर रात्रभर लावली तरी ती अर्धीच भरायची. संध्याकाळी रानातल्या मोटारी सुरू झाल्या की आमच्याकडे बल्ब लालसर होतो, मग गाडी वीज घेणंच बंद करायची. विश्वंभररावांना हा अपमान वाटला. त्यांनी डीपीवरून थ्री फेजची जास्त दाबाची लाइन घेतली आणि गाडी भरायचा मोठा डबा भिंतीवर बसवला. काम हिंगोलीच्या प्रेमानंद नावाच्या ठेकेदाराकडे दिलं. तो डबा अर्थिंग नीट नसेल तर लाल दिवा दाखवतो आणि वीज सोडत नाही. डब्याला तेवढी अक्कल होती. म्हणून वसरामला बोलावलं.

पोर्चच्या कोपऱ्यातली एक फरशी उचलून वसराम खंदायला लागला. मी माती ओढत होतो. भरावाचा मुरूम निघाला, आणि कमरेइतकं गेल्यावर खंदायची सब्बल ठणकली. काळा खडक. वसरामने हात पुसले.

"घण-छन्नी लागंल, मालक. न्हाईतर खड्डा तिकडं बागेत घेऊ, तिथं काळी माती हाय. तार न्यायला फरशीतून चर मारावा लागंल."

"फरशीला हात लावायचा न्हाई," विश्वंभरराव म्हणाले. "आणि घणाचे हादरे बी नकोत. तडे जातील."

"मग वीज कुठं जाईल?"

प्रेमानंद गाडीला टेकून उभा होता. तो हसला. "वसरामभाऊ, पाइप काप ना अर्धा. वरचं टोक दिसतं, खालचं कोणाला दिसून राहिलं?"

वसरामने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "मालक, तुमी उतरा. हात लावून बघा, कोरडं ठाक हाय."

"तुह्या खड्ड्यात मी काहून उतरू? मढं हाय का मी?"

प्रेमानंद हसला, हळदीचे हमाल हसले. वसराम वर आला, सब्बल खांद्यावर टाकली आणि निघाला. मीही त्याच्यामागे निघालो. मागून कोणीतरी म्हणालं, "खड्ड्याचा बी केवढा तोरा!"

इथे कोणी असं समजू नये, की वसराम तेवढा जाणकार आणि बाकीचे अडाणी. ठाऊक सगळ्यांना होतं. प्रेमानंद हेच शिकून आलेला. विश्वंभररावांच्या विहिरीवरच्या मोटारीला अर्थिंग आहे, ते वसरामनेच केलेलं आणि त्या वेळी ते निमूट खड्ड्यात उतरलेही होते. तेव्हा विहिरीवर फरशी नव्हती, एवढाच फरक. अंग मोडायची तयारी कोणाची नव्हती, आणि ज्याची होती त्याला अंग मोडू देत नव्हते.

प्रेमानंदने पाइप कापला, पुरला, वरून सिमेंट केलं. डब्यावर लाल दिवा लागला. लागणारच होता. मग त्याने डबा उघडला, आणि जमिनीत जाणारी तार खांबाकडे परत जाणाऱ्या न्यूट्रल तारेला बोटभर तुकड्याने जोडून टाकली. डबा फसला. हिरवा दिवा लागला. पेढे वाटले. आता गाडीचं लोखंड आणि न्यूट्रल एकच झालं होतं. खांबावर न्यूट्रल शाबूत आहे तोवर ठीक. ती तुटली की घरातली सगळी वीज गाडीच्या अंगावर वाट शोधणार, आणि जो हात लावील तोच तिची वाट होणार.

हे वसरामला हमालांकडून कळलं. तो पांढराफटक पडला, कारण त्याची बायको आशाबाई रोज सकाळी तोच पोर्च धूत होती.

आशाबाई त्या घरात जुनी. घर पत्र्याचं होतं तेव्हापासूनची. नवरा-बायको घरात गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, भांडायचे, मी ते मराठीत सांगतो.

"तिथं जाऊ नको."

"काहून?"

"गाडीत वीज उतरंल एखाद दिवशी."

"मग तुमी मालकाला जाऊन सांगा."

"मी त्याच्या दारात पाय ठेवणार न्हाई. मढं हाय का म्हणला, सगळे हसले मला."

"तुमाला हसले म्हणून मी काम सोडू? वा रे राजा! तुमी रुसून बसा बाजेवर, मी येते फरशी पुसून."

वसराम बाजेवर बसून राहिला. माझा त्याच्यावरही राग आहे. अपमान गिळून त्याने पुन्हा जायला हवं होतं, आरडाओरडा करायला हवा होता. तो सब्बलीला तेल चोळत बसला. मी दोनदा सांगितलं. म्हणाला, "ज्याला गरज, तो येईल बोलवायला." कोणी आलं नाही.

वळवाचं वारं सुटलं. डीपीवरचा न्यूट्रलचा सांधा आधीच ढिला, तो तुटला. गावात काही घरांत बल्ब फुटले, काही घरांत मिणमिणले. विश्वंभररावांचा फ्रीज घरघरून बंद पडला. त्यांनी फ्रीजवाल्याला फोन लावला. गाडी डब्याला जोडलेलीच होती. डब्यावरचा दिवा विझला होता, म्हणून सगळ्यांना वाटलं, तिथं वीजच नाही. पण जमिनीची म्हणून जोडलेली तार डबा कधीच तोडत नसतो.

सकाळी आशाबाईने बादली ओतली आणि झाडू मारता मारता आधाराला गाडीच्या दाराची कड धरली. ती ओरडू शकली नाही. हात चिकटला. दूध घालायला आलेला अबूबकर फाटकात होता. त्याने कॅन टाकला, बागेतल्या वेलाला लावलेली वाळकी काठी उपटली आणि तिच्या मनगटावर मारली. तेव्हा ती सुटली. पांढऱ्या फरशीवर दूध आणि ती, दोन्ही पसरले.

कळमनुरीच्या दवाखान्यात विश्वंभरराव आले. स्वतःच्या तोंडाने डॉक्टरला म्हणाले, "फरशी ओली होती. पाय घसरला बाईचा." डॉक्टरने जळालेला तळहात उलटून त्यांच्या पुढे धरला. ते भिंतीकडे बघत राहिले. जीव वाचला. उजव्या हाताची दोन बोटं मात्र आत वळली, ती वळलीच.

ते गेल्यावर आशाबाई वसरामला म्हणाली, आणि हे मी माझ्या कानांनी ऐकलं, "त्यानं खड्डा बुजवला. पण अर्धा सोडून तुमी आला. मला नका सांगू नियम. जाऊन खंदा."

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर वसराम घण घेऊन पोर्चमध्ये चढला. पाय धुतले नाहीत. त्याने सिमेंटवर पहिला घाव घातला तेव्हा विश्वंभरराव चहाचा कप घेऊनच बाहेर आले.

"ए वसराम! काय करून राहिला? डोकं फिरलं का?"

घाव.

"फरशी फुटली! पोलिसाला फोन करीन मी!"

"करा," मी म्हणालो. "बाई दवाखान्यात काहून हाय, ते बी सांगा त्यायला."

त्यांनी फोन खिशात ठेवला. प्रेमानंदला लावला असता, पण तो पेढे वाटल्या दिवसापासून उचलत नव्हता.

वसरामने सिमेंट फोडलं, वाकला आणि पाइप एका हाताने उपसला, गाजर उपटावं तसा. गुडघ्याएवढा तुकडा. माती लागलेली नाही, नुसती धूळ. त्याने तो विश्वंभररावांच्या पायांजवळ ठेवला.

"मला कुठं ठाऊक होतं, त्यानं एवढा कापला ते?"

"उतरला असता तर दिसलं असतं," वसराम म्हणाला. एवढंच बोलला.

मग खडक. गावातला खरा लाइनमन येऊन डीपीचा सांधा करून गेला, डब्यातला तो बोटभर तुकडा काढून माझ्या हातात देऊन गेला. आम्ही खंदत राहिलो. मी छन्नी धरायची, त्याने घण मारायचा. खडक मुठी-मुठीने निघतो. माझे गुडघे आता बसल्यावर उठत नाहीत, तर मी बसूनच छन्नी धरली. फरशीला तडे गेले, पार उंबऱ्यापर्यंत. विश्वंभरराव दारात येऊन बघायचे आणि आत जायचे. हमाल हसत नव्हते. एकाने न सांगता घमेलं उचललं.

खडकाखाली पिवळा मुरूम लागला आणि मुरूम थंड होत गेला. एका दुपारी वसराम तळाशी ताठ उभा राहिला. मी पोर्चमधून पाहिलं. डोकं दिसत नव्हतं. तो शिडीने वर आला.

"मालक, उतरा."

फाटकाशी आशाबाई उभी होती. हाताला पांढरी पट्टी. ती कामाला आली नव्हती, बघायला आली होती. तिला पाहून विश्वंभररावांनी चपला काढल्या आणि ते उतरले. पांढरं धोतर, मोजून पाय टाकत. तळाशी वाकून हात टेकवला.

"लागली का ओल?" वसरामने वरून विचारलं.

"व्हय. ओलं हाय."

वसरामने शिडी वर ओढून घेतली.

खालून आवाज आला, "ए, शिडी काहून काढली? वसराम! अरे कोणीतरी हात द्या."

आशाबाई काठापाशी आली, खाली वाकली. "कोणचा देऊ, मालक? हा तर धरत न्हाई आता."

पोर्चमधून बघणाऱ्याला तिथं माणूस आहे असं वाटलंही नसतं. खड्डा बराबर झाला होता.

मी म्हणालो असतो, राहू दे तसंच थोडा वेळ. पण शिडी वसरामनेच परत खाली सोडली. वर येताना विश्वंभररावांनी कोणाकडे पाहिलं नाही. ते आत गेले, आणि वसरामने पूर्ण लांबीचा पाइप उचलला. मला म्हणाला, "बसू नका, कोळसा आणा. ओल हाय तोवर भरून घेऊ."