किडेबाईंची तीन पिंपं

शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्यावर बाई निवृत्त झाल्या आणि तळ्याकाठच्या आपल्या घरात खिडकीशी येऊन बसल्या. बाहेर तळं होतं म्हणे. दिसत मात्र नुसती जलपर्णी होती. पाण्याचा टिपूस नजरेस पडेल तर शपथ! दरवर्षी यंत्र येई, ट्रक भरभरून ती काढून नेई, आणि तीन महिन्यांत ती पुन्हा ठाण मांडून बसे.

बाईंच्या शाळेतली एक मुलगी आता शेतकी महाविद्यालयात संशोधन करत होती. तिने सांगितलं, तांदळाच्या दाण्याएवढा एक सोंडकिडा आहे, तो जलपर्णीवरच जगतो. झालं! बाईंनी रीतसर परवानगी काढली आणि दोनशे किड्यांचा डबा मांडीवर घेऊन बसने घरी आल्या.

"अगं, लोक घरातले किडे घालवायला औषध फवारतात," त्यांचे यजमान म्हणाले. ते निवृत्त बसचालक. आवाज अजून हॉर्नसारखा. "आणि तू तिकीट काढून आणलेस?"

"तिकीट माझं काढलं. ते फुकट आले."

किडे वाढवायला गच्चीवर तीन पिंपं मांडली गेली. आत पाणी आणि जलपर्णी, वर मच्छरदाणी. महिनाभरात यजमानच सकाळी आधी गच्ची गाठू लागले. "आज जेवण बरं गेलं हो त्यांना," असा अहवाल चहाबरोबर मिळू लागला.

किडे तळ्यात सोडायची वेळ आली, तेव्हा काठावर भाजीचा मळा करणाऱ्या मावशी पदर खोचून आडव्या आल्या.

"उद्या माझा पालक खाल्ला तर?"

बाईंनी लगेच प्रयोग मांडला. मावशींच्याच मळ्यातला पालक, कोथिंबीर, टोमॅटोची पानं आणि जलपर्णीचं एक पान बरणीत घातलं, वर चाळीस किडे सोडले, तोंडाला फडकं बांधलं आणि बरणी मावशींच्याच घरी ठेवली. पाचव्या दिवशी मावशी ती घेऊन धावत आल्या. पालक कोमेजला होता, पण भोक एकही नव्हतं. जलपर्णीच्या पानाची मात्र पार चाळण झालेली.

"भारीच नखरेल मेले!" मावशी हसत सुटल्या. "सोडा खुशाल."

पहिलं वर्ष फुकटच गेलं. "किडेबाई, तुमची मंडळी उपाशी झोपतात का?" लोक विचारत. बाई भिंगातून पानांवरचे खरवडलेले ठिपके बघून स्वतःशीच खूश होत. दुसऱ्या वर्षी पानं तपकिरी पडली, देठ लिबलिबीत झाले. मग दर रविवारी काठावरची माणसं दाताळी घेऊन मरगळलेली जलपर्णी ओढू लागली, आणि यजमान हॉर्नच्या आवाजात हुकूम सोडू लागले.

तिसऱ्या वर्षी काठावर राहणाऱ्या एका मासेमार कोळ्याने होडी पाण्यात ढकलली.

"आधी तुम्ही बसा बाई, मासे नंतर."

बाई बसल्या. पाण्यात कोपरापर्यंत हात बुडवून लहान मुलीसारख्या खिदळत राहिल्या. कडेला थोडी जलपर्णी उरली होती. "असू दे," त्या म्हणाल्या, "किड्यांनी काय खायचं?"

आता दुसऱ्या तळ्यांवरची माणसं परवानगीचे कागद घेऊन किडे न्यायला येतात. यजमान डबा हातात देतात आणि दारापर्यंत पोचवायला जातात.

"उन्हात ठेवू नका. पानं ताजी द्या. आणि पोचल्यावर फोन करा."

"कोणी? किड्यांनी?" बाई आतून विचारतात.