साखराबाईनं बसवलेली नळी

उमरीपासून सहा-सात किलोमीटरवरच्या त्या गावात फवारणीचा पंप बंद पडला की लोक तो साखराबाईच्या ओसरीवर आणून ठेवतात. पेट्रोलवर चालणारा, पाठीवर घ्यायचा पंप. साखराबाई साठीची. डावा पाय लांब पसरूनच बसते, कारण त्या पायाची गुडघ्याखालची कातडी आखडली आहे. तोंडानं फटकळ. "पंप हाय का उकिरडा? बायकोच्या हातानं तरी धुऊन आणायचा," असं म्हणते आणि घंटाभरात पंप सुरू करून देते.

तिचा पाय भाजला त्याला आता अठ्ठावीस वर्षं झाली. तेव्हा नवरा रामलिंग आणि दीर रामकिशन यांचं घर एकच होतं. रामकिशनकडं राजदूत होती, गल्लीतली पहिली मोटरसायकल. टाकीखालची पेट्रोलची नळी गळायला लागली तेव्हा त्यानं दवाखान्यातली सलाईनची नळी आणून तिथं बसवली. "आरपार दिसतंय बघा, पेट्रोल किती उतरलं ते कळतंय," असं तो आल्यागेल्याला दाखवायचा. इंजिनाच्या धगीनं आणि पेट्रोलानं दोन-तीन महिन्यांत ती नळी वाळल्या शेंगेसारखी कडक झाली.

साखराबाईला बहिणीच्या बाळंतपणाला जायचं होतं. ती एका अंगानं मागं बसली. नाल्यापाशी तिच्या पायाला ओलं लागलं, आणि ती काय झालं म्हणून वाकते तोवर भडका उडाला. ती रस्त्यावर पडली, लुगडं पेटलेलं. रामकिशन उडी मारून उतरला, दोन्ही ओंजळी मातीनं भरल्या आणि ती माती गाडीवर टाकली. पुन्हा भरल्या, पुन्हा गाडीवरच टाकल्या. मागून गौरम्मा नावाची भाजीवाली बाई येत होती, तिनं भाजीवरचं ओलं पोतं ओढून साखराबाईच्या पायावर टाकलं. नाहीतर पायावर भागलं नसतं.

तीन महिने ती नांदेडला दवाखान्यात होती. घरी आली तर रामकिशननं सांगितलेली गोष्ट आधीच सगळ्या गावाला पाठ झालेली. म्हणे पदर सायलेन्सरला लागला. बाईमाणसाला लुगडं सांभाळता आलं नाही. तिनं नवऱ्याला खरं सांगितलं. रामलिंग खाली मान घालून म्हणाला, "झालं ते झालं. भाऊ हाय." त्या दिवसापासून ती दिराशी एक शब्द बोलली नाही. पुढं वाटण्या झाल्या, अंगणात भिंत उभी राहिली. रामलिंग वारला तेव्हा रामकिशन सरणापाशी येऊन उभा राहिला, तरी तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही.

वाकून शेतातलं काम होईना. एकदा घरचा पंप घेऊन ती उमरीला मकबूलभाईच्या दुकानी गेली. मकबूलभाई पंप दुरुस्त करायचे. तिनं विचारलं, "भाई, कोणती नळी फुटत न्हाई?" एवढ्या वर्षांत त्यांना असं कुणी विचारलं नव्हतं. "बैठो बाई, दाखवतो," म्हणाले. ती दोन हंगाम बसली, आणि उठली ती हातात काम घेऊनच.

गेल्या दिवाळीनंतर रामकिशननं ती राजदूत गुरांच्या कोठ्यातून बाहेर काढली. जुन्या गाड्यांना आता मान आलाय. लातूरहून रंग मारून आणली, मडगार्ड चकचकीत केले. त्याची सून उज्वला नांदेडला नर्सिंग शिकते. नवरा पुण्याला कामाला, म्हणून सकाळच्या गाडीला उमरी स्टेशनवर सोडायचं काम सासऱ्याकडं. आधी ती ऑटोनं जायची. आता राजदूतवर मागं बसून जाऊ लागली, एका अंगानं.

तिसऱ्या का चौथ्या सकाळी भिंतीवरून पेट्रोलचा वास आला. साखराबाईच्या हातातला चहा तसाच राहिला. गाडी गेल्यावर तिनं फाटकाबाहेर जाऊन पाहिलं. गाडी उभी होती तिथं मातीत रुपयाएवढा ओला डाग होता.

त्या संध्याकाळी तिनं उज्वलाला रस्त्यातच धरलं. "पोरी, त्या गाडीची नळी गळून राहिली. मामाला सांग, बदल म्हणावं."

उज्वलानं घरी सांगितलं. रामकिशन अंगणातूनच ओरडला, भिंतीपलीकडं ऐकू जावं म्हणून. "त्या बाईला सांग, नळी अस्सल कंपनीची हाय! लातूरच्या जुन्या दुकानातून शोधून आणली, पाकिटातली! अन् म्हणावं तिच्या नाकातच अठ्ठावीस वर्षं पेट्रोल बसलंय!"

साखराबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्याच शब्दांत तिला उत्तरही सापडलं. पाकिटातली म्हणजे तीस वर्षं पाकिटात पडून वाळलेली. शिवाय पेट्रोल आता पहिल्यासारखं राहिलेलं नाही. त्यात उसाचं स्पिरिट मिसळतात, आणि जुनं रबर त्याला टिकत नाही. गेल्या दोन-तीन हंगामांत तिच्याकडं आलेल्या पंपांच्या नळ्या कुठं फुगलेल्या, कुठं चिकट झालेल्या. 'जळू दे त्याची गाडी,' असं तिच्या मनात आलं. चांगली रात्र होईपर्यंत ती त्याच विचारात बसली. पण गाडी जळेल तेव्हा मागं बसलेली कोण असेल, हे तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी ती नांदेडला गेली. गाड्यांच्या सुट्या भागांच्या पहिल्या दुकानात आसिफ नावाचा माणूस बसला होता. त्यानं मोबाइलवरून मानही वर केली नाही. "मावशी, पंपाची नळी पलीकडच्या गल्लीत."

"मला मोटरसायकलची पायजे. राजदूतची. आतून सहा एमेम."

"कुणी पाठवलं? मिस्त्रीला पाठवा ना. बाईमाणसाला हे..."

"बाईमाणसानं पैसे दिले तर घेत न्हाईस का?" साखराबाईनं पिशवीतून सहा एमेमचं ड्रिलचं पातं काढून काउंटरवर आपटलं. त्यानं दिलेल्या पहिल्या नळीत ते ढिलं गेलं. ती तिनं परत लोटली. दुसरीत घट्ट बसलं. तिनं नळी बोटाभोवती वळवली. ती दबून चपटी झाली नाही. कडेला छापलेली अक्षरं चष्मा लावून वाचली, पेट्रोलसाठीची आहे का ते. "वीतभर दे." अशी तीन दुकानांतून तीन प्रकारची वीतभर नळी तिनं घेतली. तिन्ही दुकानदारांनी तोंड वाकडं केलं.

घरी तिन्ही तुकडे काचेच्या तीन बरण्यांत पेट्रोलात बुडवून ठेवले. आठ दिवसांनी काढले. एक फुगून बोटाला चिकटायला लागली होती, पेट्रोलही तिनं काळं केलं होतं. पांढरी आरपार नळी आखडून कडक झाली होती. आसिफच्या दुकानातली मात्र होती तशीच राहिली. तिनं पुन्हा जाऊन ती हातभर आणली, सोबत स्प्रिंगच्या चार क्लिपा आणि एक फिल्टर.

या आठ दिवसांत तिनं उज्वलाला ऑटोनं जायला लावलं. उज्वलानं सासऱ्याला तोंडावर सांगितलं, "नळी बदलल्याशिवाय मी बसणार न्हाई, मामा." त्यावरून घरात रोज भांडण.

रविवारी सकाळी साखराबाई हत्यारांची पिशवी घेऊन भिंतीपलीकडच्या फाटकातून आत गेली. भिंत उभी राहिल्यापासून पहिल्यांदा. रामकिशन बाजेवर बसला होता, तो ताडकन उठला.

"उज्वला! तिला सांग, गाडीला हात लावायचा न्हाई!"

"उज्वला, त्याला सांग, गाडी त्याची हाय, पण मागं बसणारी तू हाईस," साखराबाई म्हणाली आणि गाडीशेजारी पाय पसरून खाली बसली.

"तिला म्हणावं, लुगडं सांभाळून बस!"

साखराबाईचा हात थांबला. मग तिनं टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद केला, नळीतलं उरलेलं पेट्रोल बाटलीत घेतलं आणि जुनी नळी ओढून काढली. उज्वलाच्या हातावर ठेवून वाकवली. टाचेला पडतात तशा भेगा उघड्या पडल्या, आणि एका भेगेतून थेंब निघून उज्वलाच्या तळहातावर पडला.

उज्वलानं तळहात पुसला. मग तिनं विचारलं, "मामा, त्या दिवशी कोणती नळी होती?"

रामकिशननं चप्पल घातली, फाटक आपटलं आणि निघून गेला.

साखराबाईनं ब्लेडनं नवी नळी सरळ कापली, तिरपी नाही. फुंकून आतला चुरा काढला. टोकं गरम पाण्यात बुडवून मऊ केली, म्हणजे पितळेच्या तोटीवर शेवटपर्यंत चढतात. कॉकपासून फिल्टरपर्यंत एक तुकडा, फिल्टरपासून कार्बोरेटरपर्यंत दुसरा. कुठं मुरड नाही, कुठं उंचवटा नाही, इंजिनाच्या तापणाऱ्या पात्यांपासून दोन बोटं लांब. क्लिपा लावल्या. कॉक उघडून खाली वर्तमानपत्राचा तुकडा पसरला आणि दोघी अर्धा तास बसून राहिल्या. कागद कोरडाच राहिला.

सोमवारी रामकिशननं उज्वलाला गाडीवर बसवून स्टेशनला सोडलं. मंगळवारी साखराबाईच्या कानावर आलं की तो चहाच्या हॉटेलात सांगत सुटलाय, "लातूरहून मिस्त्री बोलावला, त्यानं नवी नळी टाकली."

ती तशीच उठली. हॉटेलात दहा-बारा माणसं होती, रामकिशन मधल्या बाकड्यावर. साखराबाई दारातच उभी राहिली.

"नळी मी टाकली," ती म्हणाली. "अन् शहाण्णव साली त्यानं सलाईनची नळी टाकली होती. ती फुटली म्हणून मी जळाले. पदर कुठं लागला न्हाई. मी रस्त्यावर पेटले तेव्हा ह्यानं माती गाडीवर टाकली, माझ्यावर न्हाई. इचारा त्याला."

कुणी विचारलं नाही. हॉटेलवाल्या शिवलिंगनं स्टोव्ह बारीक केला. रामकिशनचा चेहरा काळा पडला. "म्हातारी झाली, डोकं फिरलं तिचं," एवढंच म्हणून तो उठला. पण त्याच्या बाजूनं कुणी हसलं नाही. शेजारी बसलेला म्हातारा दयानंद हळूच म्हणाला, "मला गौरम्मानं तव्हाच सांगितलं होतं." साखराबाईनं ते ऐकलं. मग अठ्ठावीस वर्षं तू गप्प कामून बसलास, हे तिच्या ओठावर आलं होतं. ती पाठ फिरवून निघाली. तिला त्याचाही तितकाच राग आला.

त्या आठवड्यात रामकिशननं भिंतीवर आणखी तीन थर विटा चढवल्या आणि वर काचा लावल्या. उज्वलाला बजावलं, त्या घरी जायचं नाही. उज्वला जाते. परीक्षेच्या आधी ती साखराबाईच्या ओसरीवर बसून भाजलेल्या जखमेचा धडा वाचत होती, आणि साखराबाई एका पोराच्या पंपाचा कार्बोरेटर उघडून त्याला शिव्या घालत होती. पलीकडून रामकिशननं सुनेला दोनदा हाक मारली. उज्वलानं पान उलटलं आणि ओरडून सांगितलं, "येते, मामा. धडा संपू द्या."