आईच्या टिकल्या असलेली टाइल

१. ओट्यामागच्या चार टाइल्स सुटल्या होत्या. आज मीच काढल्या, मागे क्रमांक लिहिले.
२. सिमेंट धरावं म्हणून तासभर बादलीत भिजवल्या.
३. एका टाइलवर आईच्या सात टिकल्या होत्या. तोंड धुताना ती तिथे चिकटवायची. सगळ्या पाण्यावर तरंगल्या.

आईला जाऊन आठ महिने झाले. वडील, म्हणजे नाना, यावलला गेलेत.

शेजारच्या अक्का म्हणाल्या, "नव्या टिकल्या लाई दे वं पोरी, नानाले काय समजस!"

"चहा ठेवताना ते रोज तिथेच बघतात, अक्का."

टाइल्स पक्क्या बसल्या. टिकल्या वाळल्या आहेत, पण कोणती कुठे होती, मला आठवत नाही.

आईचा आमच्या ओट्याजवळचा फोटो कुणाकडे असेल तर कृपया शनिवारपर्यंत पाठवा. नाना रविवारी येतात.