उणे बावीसमध्ये आंघोळ

उणे बावीस तापमानात गाडीला आंघोळ घालू नये. हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही, कारण लिहावं लागेल असं कोणाला वाटलंच नसणार.

गाडी जुनी होती, म्हणजे आमच्यासाठी नवीकोरी. आदल्याच दिवशी कॅनडात, व्हिटबीतल्या आमच्या दारात येऊन उभी राहिली होती आणि सकाळी अकराला तिच्यावर माझ्या बायकोची, वृषालीची, ड्रायव्हिंग टेस्ट होती. घरोघरी जाऊन पेशंट बघायची नर्सची नोकरी तिला मिळाली होती. अट एकच, सोमवारी रुजू होताना लायसन्स हवं. आज टेस्ट हुकली तर पुढची तारीख थेट मार्चमध्ये, आणि तोवर ती नोकरी काही वाट बघत बसणार नव्हती.

नागपूरहून आलेली माझी आई मात्र हटून बसली होती. पूजेशिवाय गाडी हलवायची नाही! मी हळदकुंकवाचं तबक घेऊन निघालो, तर तिनं मला दारातच अडवलं.

"कोणाकोणाचे पाय लागले असतील तिला, बापा. आंघोळीबिगर पूजा कशी करून राहिला तू?"

इथे कोणीही शहाणा माणूस थांबला असता. पण मी मेकॅनिकल इंजिनिअर. मी म्हटलं, गरम पाणी घालू, गरम पाणी कशाला गोठतंय! (उष्णता हा माझा खास विषय. मार्कही उत्तम होते.)

गाडी सवयीने लॉक करून मी टपावर बादली रिकामी केली. वाफेचा एवढा लोट उठला की क्षणभर गाडीच दिसेना. मग पाणी काचेवरून, दारांवरून खाली आलं आणि जमिनीला टेकायच्या आत थांबलं. अक्षरशः थांबलं! ओघळ होते तिथेच लटकले. आईने घाईघाईने लावलेली हळदकुंकवाची बोटं ओल्या बॉनेटवर पडली आणि काचेखाली ठेवल्यासारखी बंद झाली. वर ऊन आलं आणि अख्खी गाडी लखलखायला लागली. इतकं सुंदर काही मी माझ्या हातून घडलेलं पाहिलं नव्हतं. आई तर हातच जोडून उभी राहिली.

"पाणी कुठं गेलं रे?" ती हळूच म्हणाली.

पाणी कुठं गेलं ते वृषालीने चावी लावली तेव्हा कळलं. कुलपात गेलं होतं. चावी अर्धीच शिरली. मी फुंकर मारली, तर कुलपावर आणखी एक थर चढला. हेअर ड्रायर आणला, तर वायर पायरीपर्यंतच पुरली. काडीपेटीने चावी तापवू म्हटलं, तर वाऱ्यात काडी टिकेना. वृषाली नुसती घड्याळ बघत होती, आणि त्याची मला जास्त भीती वाटत होती.

शेवटी तिनेच चावी माझ्या हातातून घेतली, आत देवासमोर गेली आणि निरांजनाच्या ज्योतीवर धरली. ओव्हनच्या जाड हातमोज्याने पकडून पळत आली आणि कुलपात खुपसली. चर्र आवाज झाला, बर्फाने वाट दिली आणि कुलूप फिरलं. मी थक्क! अर्थात, दार तरीही उघडेना, कारण त्याचं रबरही चिकटून बसलं होतं.

उघडली ती फक्त डिकी. बादलीतलं पाणी तिथवर पुरलं नव्हतं. वृषाली जाडजूड जॅकेटसकट डिकीतून आत शिरली, सीटवरून रांगत पुढे गेली आणि आतून दाराला अशी लाथ हाणली की बर्फाचे तुकडे शेजाऱ्याच्या अंगणात पडले. शिकाऊ ड्रायव्हरशेजारी लायसन्सवाला माणूस बसलाच पाहिजे असा इथला कायदा. ती स्टीअरिंगवर बसलेली आणि माझ्या बाजूचं दार हलेना, त्यामुळे तिच्या मागोमाग मीही डिकीतून गेलो. मधे थोडा अडकलो. आईने मागून ढकललं.

हीटरच्या कृपेने आधी समोरची काच मोकळी झाली आणि टेस्ट सेंटर येईपर्यंत माझं दारही सुटलं. परीक्षक बाईंनी बॉनेटवरच्या बर्फातलं कुंकू बराच वेळ निरखलं आणि विचारलं, "इज दॅट अ क्रॅक?"

"नो, इट्स अ ब्लेसिंग," वृषाली म्हणाली आणि गाडीत बसली.

मी आत खिडकीशी देवाचं नाव घेत थांबलो. गाडी परत आली, परीक्षक बाई उतरल्या. काचेतून वृषालीचा चेहरा दिसला, ती डोळे पुसत हसत होती. माझा ऊर भरून आला. सकाळपासून मी मांडलेला सगळा घोळ या बाईने एकटीने निस्तरला होता. तिचं तोंडभर कौतुक करावं म्हणून मी मफलर, टोपी, हातमोजे चढवले, जॅकेटची चेन लावली आणि बाहेर आलो.

गाडी गेटमधून बाहेर वळत होती. आरसा बघून, इंडिकेटर देऊन, अगदी नियमात.

पंधरावीस मिनिटांनी घरून तिचा फोन आला. "अरे, सॉरी! पास झाले हे आईंना सांगायच्या नादात निघालेच मी. थांब, येते घ्यायला."

मागून आईचा आवाज आला. "त्याला म्हण, ये बसनं. तो गाडीजवळ आला का पुन्हा पाणी ओतंल."