वगळलेल्या खेळाडूची एक पाळी

पैठण सोडले त्या दिवशी सकाळी मी देवांना नेहमीप्रमाणे स्नान घातले, गंध लावले, नैवेद्य दाखविला, आणि मग पंचायतनातील पाचही देव धाबळीच्या तुकड्यात गुंडाळून पितळी डब्यात ठेवले. झाकण लावताना हात थांबला. आवाहनाचे मंत्र आहेत, विसर्जनाचे आहेत. देवांना दुसऱ्या देशी राहायला चला असे सांगणारा मंत्र मला कोणी शिकविला नव्हता. शेवटी मराठीतच म्हणालो, चला, माधवकडे जायचे आहे. पत्नीला जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते आणि एकुलता मुलगा एवढ्या लांब असताना मी एकट्याने राहू नये, असे सर्वांचे मत पडले होते. दाराशी तुम्ही सर्व पाठशाळेचे विद्यार्थी उभे होतात. तुम्ही शांतिपाठ म्हटलात. त्यात एके ठिकाणी कोणाचा तरी स्वर घसरला, तो मी गाडीत बसता बसता दुरुस्त केला, आणि रडवेले झालेले सगळे एकदम हसलात.

ऑकलंडच्या विमानतळावर तपासणी करणाऱ्या बाईंनी दर्भाची जुडी आणि तुळशीचे बी काढून घेतले. परके बी या भूमीत येऊ देत नाहीत. देवांचा डबा मात्र त्यांनी हातमोजे घालून उघडला, एकेक देव दिव्याखाली धरून माती लागलेली नाही याची खात्री केली आणि ज्या क्रमाने होते त्याच क्रमाने परत ठेवले. "युअर फानाउ?" असे त्यांनी विचारले. मी नुसती मान डोलावली. फानाउ म्हणजे माओरी भाषेत कुटुंब, हे मला पुढे कळले. उत्तर चुकले नव्हते.

तेव्हापासून अप्पर हट हे माझे गाव. वेलिंग्टनकडे जाणाऱ्या रेल्वेचे हे शेवटचे टोक. दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये नदी, आणि सकाळी इतके धुके की संध्या करताना सूर्य अनुमानानेच सिद्ध करावा लागतो. गोदावरीवर अर्घ्य देताना समोर जे दिसायचे ते इथे मानावे लागते. सून अनघा रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. नात मीरा चौदा वर्षांची. तिला माझे मराठी सगळे समजते आणि ती उत्तर इंग्रजीत देते. आमची संभाषणे एका भाषेत जातात आणि दुसरीत परत येतात, पण येतात. कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरी म्हणायचे, पायातल्या चपलांना जँडल्स म्हणायचे, हे तिनेच मला शिकविले आणि माझी परीक्षाही घेतली.

माधव या देशात विद्यार्थी म्हणून आला होता. पहिली दोन वर्षे तो ऑकलंडजवळच्या पापाकुराला एका अमेरिकन मुलाबरोबर खोली घेऊन राहिला. त्या मुलामुळे त्याला बेसबॉलचा नाद लागला. अमेरिकेतली संध्याकाळ म्हणजे इथली दुपार. व्याख्याने संपवून दोघे सामने बघत. पुढे तो 'ते रापा' नावाच्या गावी दुधाच्या कारखान्यात लागला, नंतर वेलिंग्टनला एका कार्यालयात. नोकऱ्या बदलल्या, घरे बदलली, हा नाद तेवढा टिकला. मी आलो तेव्हा तो सकाळच्या गाडीने कामावर जात असे. गेल्या वर्षी त्या कार्यालयाची पुनर्रचना झाली आणि माधवचे पदच राहिले नाही. इथे माणसाला काढले असे म्हणत नाहीत, पद विसर्जित झाले असे म्हणतात. विसर्जनाचा अर्थ मला कोणी शिकवायला नको होता.

आरंभी तो रोज अर्ज पाठवी. मग आठवड्यातून एकदा. मग जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून नुसता बसू लागला. अनघा कामावर, मीरा शाळेत. दिवसभर घरात आम्ही दोघे. सत्तेचाळीस वर्षांच्या मुलाशी काय बोलावे हे पंचाहत्तर वर्षांच्या बापाला समजत नसे. मी पूजा लांबवू लागलो. अनघा एकदा स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली, "बाबा, तो माझ्याशी बोलत नाही. तुम्ही तरी त्याला बोलतं करा ना." त्या वाक्याने मी बांधला गेलो.

म्हणून एके दिवशी त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो आणि पडद्यावर काय आहे ते विचारले. या देशातील बेसबॉलप्रेमींचे एक पान होते. ते चालविणारे बॅरी नावाचे गृहस्थ पापाकुराचे निवृत्त प्लंबर. अमेरिकेत दर जुलैमध्ये ऑल-स्टार सामना होतो: वर्षभर एकमेकांशी झुंजणाऱ्या संघांतले निवडक उत्तम खेळाडू एक दिवस दोन बाजू करून खेळतात. या सामन्याची रया गेली आहे, निकालाला काही किंमत नाही, मोठे खेळाडू दोन डाव खेळून निघून जातात, असे या मंडळींचे दुःख. तो कसा सुधारावा याच्या सूचना ते जमवत होते आणि यादी अमेरिकेला पाठविणार होते. उत्तर येणार नाही हे सर्वांना ठाऊक होते. माधव म्हणाला, "बाबा, दरवर्षी पाठवतात. दरवर्षी कोणी वाचत नाही." आणि कित्येक महिन्यांनी तो हसला.

मला त्यात आपली वाक्यार्थसभा दिसली. तेथेही ठिकठिकाणचे पंडित वर्षातून एकदा शास्त्रावर वाद घालायला जमत, निकालाला व्यवहारात काही किंमत नसे, आणि तरी त्या दिवसासाठी माणसे वर्षभर घोकत. मी माधवला सूचना वाचून दाखवायला सांगितले. एकाचे म्हणणे, एकीकडे अमेरिकन आणि दुसरीकडे उरलेले जग असे संघ करावे. दुसऱ्याचे, प्रत्येकाने आपापल्या संघाचाच पोशाख घालावा. तिसऱ्याचे, बरोबरी झाली तर फक्त उंच टोले मारण्याची स्पर्धा लावून निकाल करावा. मी प्रत्येकावर आक्षेप काढी, माधव उत्तर देई, आणि ते इंग्रजीत करून पानावर लिही. मी स्वतःही एक सूचना केली: खेळ सुरू होण्याआधी प्रत्येक खेळाडूने, ज्याने त्याला पहिल्यांदा चेंडू धरायला शिकविले त्या माणसाला मैदानात आणून नमस्कार करावा. बॅरींनी खाली लिहिले, "स्वीट ॲज, ग्रँडपा." मीराने त्याचा अर्थ 'झकास' असा सांगितला तेव्हा मला मनापासून आनंद झाला. तीन आठवडे आमचे घर बोलके होते. अनघा दारातूनच विचारी, आज सभेत कोण हरले?

या तीन आठवड्यांच्या शेवटी जे झाले ते लिहिण्यासाठीच हा पत्रप्रपंच. तुम्हाला ते समजेल, कारण तुम्ही त्याच शाळेत वाढला आहात.

आमचे वडील म्हणत, आक्षेप हा विद्वानाचा आहेर. सभेत ज्याच्या प्रतिपादनावर कोणी आक्षेप घेतला नाही, तो खाली मान घालून घरी जाई. त्याचे म्हणणे खोडण्याच्याही योग्यतेचे ठरले नाही, असा त्याचा अर्थ. आणि ज्याच्यावर तीन बाजूंनी तुटून पडत त्याला नंतर शेजारी बसवून दूध पाजत. मी माधवलाही असेच वाढविले. तो या देशाला निघाला तेव्हा मी सात आक्षेप घेतले होते. त्याने सातांचीही उत्तरे दिली आणि मी त्याला आशीर्वाद दिला. त्याला हे आवडते, असेच मी आयुष्यभर समजत आलो.

त्या दिवशी माधवने स्वतःची सूचना वाचून दाखविली. तोपर्यंत त्याने इतरांच्याच हाताळल्या होत्या. सूचना अशी: प्रत्येक बाजूला एक जागा राखून ठेवावी. त्या वर्षी ज्याला संघातून वगळले, अशा एका खेळाडूला बोलवावे आणि त्याला फलंदाजीची एक पाळी द्यावी. एकच.

मी सरसावून बसलो. त्याची पहिली स्वतंत्र सूचना. तिला पूर्ण मानाचा आक्षेप मिळायला हवा होता. मी म्हणालो, हा सामना उत्तमांचा. उत्तमत्व हेच त्याचे लक्षण. वगळलेला त्यात शिरला की लक्षणाला अतिव्याप्तीचा दोष येतो, जे आत नको तेही आत येते, आणि मग या सामन्याला स्वतःची ओळखच उरत नाही. दुसरे, वगळलेले पुष्कळ. त्यातला हाच का आणि तो का नाही, हे ठरविणारी युक्ती, म्हणजे तर्क, तुझ्यापाशी नाही. तिसरे, लोक तेथे कौशल्य पाहायला येतात; या माणसाकडे ते दयेने पाहतील, आणि दया हा सन्मान नव्हे.

तिसरा आक्षेप बांधेसूद झाला होता. पुष्कळ वर्षांनी बुद्धी अशी चालली म्हणून मला आनंद झाला. मी उत्तराची वाट पाहत होतो. माधव पडद्याकडे बघत म्हणाला, "म्हणजे त्याने घरीच बसावं."

आणि मी म्हणालो, "युक्तीने तरी तेच सिद्ध होते."

हे वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले, आधी नाही. सभेत चेहऱ्याकडे पाहण्याची पद्धत नाही; मुद्द्याकडे पाहायचे असते. तो वगळलेला खेळाडू कोण आहे, हे एखाद्या निरक्षर बाईलाही पहिल्या वाक्यात कळले असते. पन्नास वर्षे शब्दांचे तात्पर्य शिकविणाऱ्याला ते तीन आक्षेप घेऊन झाल्यावर कळले.

मी घाईने म्हणालो, थांब, आता तुझ्या बाजूने मी बोलतो. हेही आपल्याकडे चालते. पूर्वपक्ष करणाराच पुढे सिद्धान्त मांडतो. माधवने लॅपटॉप मिटला. "नको बाबा. ऑल गुड." हे दोन शब्द या देशात दिवसातून शंभरदा ऐकू येतात, कोणाचा पायावर पाय पडला तरी म्हणतात. त्यांच्या पलीकडे जायला वाट नसते.

सूचना त्याने त्याच दिवशी काढून टाकली. मी मीराला गाठले, म्हटले, बाळ, बॅरींना माझ्या नावाने लिही, ती सूचना परत यादीत घ्या. ती म्हणाली, "आजोबा, डॅड डिलीटेड इट. यू कान्ट पोस्ट इट फॉर हिम." हा आक्षेप निर्दोष होता. यादी अमेरिकेला गेली. त्यात सातव्या क्रमांकावर गुरूंना नमस्कार करण्याची माझी सूचना होती. माधवची नव्हती.

अनघाला मी सर्व सांगितले. ती रागावेल, असे वाटले होते. रागावली असती तर बरे झाले असते. ती म्हणाली, "तुम्ही मुद्दाम नाही केलंत, बाबा," आणि डबा भरायला वळली. दोषमुक्त होऊनही काही सुटत नाही, हा अनुभव मला नवा होता. जपाची संख्या वाढविली. देवापाशी काय मागावे ते ठरेना. झालेले वाक्य परत यावे असे मागणे देवालाही अडचणीत टाकण्यासारखे आहे.

सामना जुलैच्या एका बुधवारी दुपारी झाला. इथे जुलै म्हणजे हिवाळा; बाहेर दक्षिणेचा बोचरा वारा होता. माधवने दूरदर्शन लावले, मी शेजारी बसलो. मोठ्या खेळाडूंनी दोन दोन डाव खेळून जागा सोडल्या, पिशव्या उचलल्या आणि ते निघून गेले. मी या काही आठवड्यांत उत्तरपक्ष पूर्ण बांधला होता. सभेचे लक्षण केवळ उत्तमत्व नव्हे, ज्यांच्यामुळे खेळ खेळ होतो त्या सर्वांची उपस्थिती हे लक्षण. म्हणून वगळलेला आत आला तर अतिव्याप्ती नाही, तो बाहेर राहिला तरच अव्याप्ती, जे आत हवे तेच बाहेर राहते. तिन्ही आक्षेपांना उत्तर होते. मी योग्य क्षणाची वाट पाहत होतो.

आठव्या डावात माधव आपणहून बोलला. "बाबा, तुमचं बरोबर होतं. बेस्ट लोकांसाठीच असतं ते."

माझे सगळे उत्तर जिभेवर तयार होते, आणि ते देता येईना. उत्तर त्याला द्यायचे असते जो आपल्या पक्षावर उभा आहे. ज्याने पक्षच सोडला, आणि माझाच पक्ष घेतला, त्याला माझ्याविरुद्ध कसे जिंकून द्यावे? मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्याने तो काढला नाही, त्यावर आपला हातही ठेवला नाही. सामना कोणी जिंकला ते मला आठवत नाही.

परत कधी येणार, असे तुम्ही दर पत्रात विचारता. पाठशाळेत माझी गादी रिकामी ठेवली आहे, नदीवर बसायला जागा आहे, आणि तेथे माझ्या आक्षेपांची वाट पाहणारी मुले आहेत हे मी जाणतो. तेथे मी कोणाला जखमी करणार नाही, कारण तेथे सर्वांना ती भाषा येते. पूर्वी मी याच कारणासाठी पैठणला घर म्हटले असते. आज माधव समोरच्या खोलीत बसलेला आहे. त्याला काम कधी मिळेल हे माझ्या हातात नाही. तो पुन्हा माझ्यापुढे एखादी सूचना मांडील की नाही, हेही नाही. पण मांडली, तर ती ऐकायला आणि या वेळी एकही आक्षेप न घेता ऐकायला, मी इथे असलो पाहिजे. जिथून मला निघता येत नाही, ते आता माझे घर.